माटोळीखालचं मेक्सिको

पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर चित्रकाराला चार पैसे जास्त मिळवायचे असतील तर भिंती रंगवाव्या लागतात. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पाऊस ओसरायला लागला की खानावळींचे मालक पुढच्या हंगामासाठी चित्रकार शोधू लागतात. कुणाला लाटा हव्या असतात, कुणाला बुद्ध, तर कुणाला माडाला बांधलेल्या झोळीत पहुडलेला पर्यटक. मी हायस्कुलात चित्रकला शिकवते आणि शाळा सांभाळून ही कामं घेते. त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही. चित्र विकत घेणारा माणूस आमच्या तालुक्यात बहुतेक वेळा खानावळवालाच असतो.

अशाच एका मालकाने ‘मेक्सिकन’ चित्र मागितलं. त्याने टाको, बरिटो वगैरे पदार्थ नव्याने सुरू केले होते आणि गल्ल्यामागची भिंत मोकळी होती. त्याला खाण्याच्या वस्तू मांडलेलं मोठं चित्र हवं होतं. म्हणजे आम्ही शाळेत ज्याला स्थिरचित्र म्हणतो तेच. नमुने म्हणून त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यांत रुंद काठाची टोपी होती, निवडुंग होता, रंगवलेल्या कवट्या होत्या आणि गिटार होती. खाण्याची वस्तू एकाही चित्रात धड दिसत नव्हती.

मी म्हटलं, “स्थिरचित्र करून देते, पण टोपी आणि कवटी घालणार नाही.”

“मग टोपीचे पैसे कमी करा, टीचर,” तो हसत म्हणाला. पैसे कमी झाले नाहीत. मात्र टोपीशिवाय मेक्सिको दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली.

पणजीच्या आल्तिन्होवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ सालचं. मी तिथे शिकले तेव्हा स्थिरचित्र म्हटलं की सेझानची सफरचंदं आणि डच चित्रकारांची चांदीची भांडी डोळ्यांसमोर यायची. मेक्सिको म्हटलं की दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आणि फ्रिडा कालोचे स्वतःचे चेहरे, एवढंच ठाऊक होतं. मेक्सिकोतल्या स्थिरचित्रांकडे मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं. या कामाच्या निमित्ताने पाहिलं आणि सगळ्यांत आधी थांबले ती एर्मेनेहिल्दो बुस्तोसपाशी.

बुस्तोस १८३२ ते १९०७ या काळातला, ग्वानाह्वातो राज्यातल्या पुरिसिमा देल रिंकोन या लहानशा गावचा. बर्फाचे गोड पदार्थ विकायचा, गावातल्या लोकांची व्यक्तिचित्रं काढायचा आणि चित्राखाली स्वतःला ‘हौशी’ म्हणवून सही करायचा. १८७४ साली त्याने फळांचं एक चित्र केलं. त्यात टेबल नाही, ताट नाही, मागे पडदाही नाही. फळं ओळींनी मांडलेली आहेत, एक दुसऱ्याला झाकत नाही. काही अखंड, काही कापून आतला गर दाखवलेली. त्यांच्या जोडीला एक विंचू आणि एक बेडूक. रचनेच्या तासाला आम्ही मुलांना शिकवतो की वस्तू एकमेकींवर चढल्या पाहिजेत, एक त्रिकोण साधला पाहिजे, लहान वस्तू मोठीच्या आड थोडी गेली पाहिजे. बुस्तोसने यातलं काहीच केलेलं नाही. तरीही चित्र विस्कटत नाही, कारण प्रत्येक फळाकडे त्याने सारख्याच लक्षाने पाहिलं आहे.

मग मारिया इस्कियेर्दो पाहिली (१९०२–१९५५). तिने उघडी फडताळं आणि घरगुती वेदी रंगवल्या. त्यांत फळं, मातीची खेळणी, मेणबत्त्या, कातरलेले कागद असं सगळं घरातलं असतं. रुफिनो तामायो ओआहाकाचा. आईवेगळा झाल्यावर तो मेक्सिको शहरात मावशीकडे वाढला, आणि तिचा धंदा बाजारात फळं विकायचा होता. पुढे आयुष्यभर त्याने कलिंगडाच्या फोडी रंगवल्या. फ्रिडाने शेवटच्या वर्षांत, अंथरुणाला खिळत चालली असताना, फळांची चित्रं काढली. तिचं कलिंगडांचं प्रसिद्ध चित्र १९५४ सालचं आहे आणि त्याच वर्षी ती गेली. या चौघांची शैली वेगवेगळी आहे. पण चौघांच्याही चित्रातलं फळ घरच्या फडताळातलं, बाजारातलं किंवा देवापुढचं आहे. हौसेखातर टेबलावर आणून ठेवलेलं फळ मला तिथे दिसलं नाही.

मेक्सिकोच्या भिंतीवर मराठी माणूसही आहे. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्यावर संशोधन केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रं टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईने काढली. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने रंगवलेल्या भित्तिचित्रांत ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या नावाचं एक चित्र आहे. पंगतीच्या मध्यभागी बसून भाकरी वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्यावरून घेतला आहे, असं मानलं जातं. खानखोजे पुढे भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. हे वाचल्यावर माझ्या चित्रात मक्याचं कणीस येणार हे ठरून गेलं. बाकीच्या वस्तू बाजारात जाऊन शोधायच्या होत्या.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले, बुधवारी डिचोलीच्या. हातात यादी होती. मिरची, मका, तांबडा भोपळा, टोमॅटो, पपई, पेरू, सीताफळ, चिकू, कणगां म्हणजे रताळी, आणि फुलांत झेंडू. ही सगळी झाडं मेक्सिको आणि त्याच्या खालच्या मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातली, निदान त्या बाजूच्या खंडातली. माणसाने मका तयार केला तो मेक्सिकोत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून. आपण रोज खातो ती मिरची तिथली. दसऱ्याला दारावर चढतो तो झेंडू तिथला. गजऱ्यातला निशिगंधही तिथला, आणि देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही. अननस आणि काजू मुद्दाम वगळले, कारण त्यांचं मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. मालकाला मेक्सिको हवं होतं, तर नकाशा काटेकोर असावा असं मला वाटलं. यादी संपेपर्यंत पिशवी भरली आणि मला कुठल्याही खास दुकानात जावं लागलं नाही.

मिरची घेताना पेडण्याकडची एक म्हातारी भेटली. सुक्या मिरच्यांच्या राशीमागे बसली होती. मी एकेक मिरची उचलून उजेडात धरत होते. मला आकार हवे होते, तिला वाटलं मी माल पारखतेय.

“बाय, ही हांगाचीच मिरसांग, भायली न्हय,” ती ठासून म्हणाली.

तिचं म्हणणं खरंच होतं. हरमलची मिरची आमच्या तालुक्याची खूण आहे. भाताची कापणी झाली की त्याच शेतात ती लावतात, उन्हाळ्यात अंगणात वाळवतात आणि पावसाळ्याच्या पुरुमेंताबरोबर, म्हणजे बेगमीबरोबर, ती घरोघर भरली जाते. तिला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. काणकोणच्या खोल्याची मिरची वेगळी, तिलाही मानांकन आहे. म्हणजे मेक्सिकोतून निघालेल्या एका झाडाच्या गोव्यात दोन टोकांना दोन जाती झाल्या, दोघींची चव आणि रंग वेगळा, आणि सरकारदरबारी दोघींचा पत्ता गोव्याचाच आहे.

ही झाडं पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून भारताच्या किनाऱ्यावर येत गेली. पण आमच्या भागात एक गंमत आहे. पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देस, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात घेतले. डिचोली त्यांच्याकडे गेली १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे राज्य यायच्या कितीतरी आधी मिरची आमच्या पाट्यावर येऊन बसली होती. तिला कुणी जिंकून आणलं नाही. शेतकऱ्याने बी मागून घेतलं, बाईने वाटपात घातलं आणि मिरीची जागा मिरचीने घेतली. मेक्सिकोचा कवी ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत राजदूत होता. भारतावरच्या पुस्तकात त्याने त्यांच्या मोले या मसालेदार रश्श्याची तुलना आपल्या मसालेदार रश्श्याशी केली आहे. डिचोलीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात त्याला जेवायला बसवलं असतं तर ती तुलना त्याला तिथेही सुचली असती.

सामान घरी आलं आणि मांडणीचा प्रश्न उभा राहिला. मेक्सिकोच्या पारंपरिक शेताला मिल्पा म्हणतात. तिथे मका, घेवडा आणि भोपळा एकाच जमिनीत लावतात. मका सरळ उभा वाढतो, घेवड्याचा वेल त्याच्या आधाराने चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल टिकवतात. चित्रकाराच्या नजरेने पाहिलं तर ही तयार रचना आहे. एक उभी रेषा, तिच्याभोवती वळणं घेणारी दुसरी, आणि तळाला पसरलेला जड आकार. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाकशैलीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या पाकशैलीचा पाया मका, घेवडा आणि मिरची हाच आहे, आणि ही पिकं येतात ती अशाच शेतांतून.

पण मिल्पा मी पाहिलेली नव्हती. पाहिलं होतं ते डिचोलीकडचं कुळागर. माझ्या आजोळी कुळागर होतं. तिथे सुपारीचा सोट सरळ वर जातो, त्याच्यावर मिरीचा वेल चढतो, मध्ये केळी असतात आणि पायाशी अननस. मिल्पेची रचना मला पुस्तकातून कळली, पण हाताला ती कुळागरामुळे जमली. मी भोपळा डावीकडे तळाशी ठेवला आणि त्याला टेकवून मक्याची कणसं पानांसकट उभी केली. लाल चवळीच्या शेंगांची जुडी कणसांवरून खाली सोडली. चवळी मूळची आफ्रिकेची, पण बाजारात त्या दिवशी घेवडा चांगला नव्हता आणि शेंगेचं वळण मला हवं होतं. नकाशा काटेकोर ठेवायचा निश्चय इथे थोडा सैल झाला, चित्र सुधारलं.

भांड्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. मेक्सिकोत तीन पायांचा दगडी खल असतो, त्याला मोलकाहेते म्हणतात. काळ्या ज्वालामुखी दगडाचा, खरबरीत. त्यात मिरची, टोमॅटो वाटून साल्सा करतात. मक्याच्या पिठासाठी उतरता पाटा असतो, त्यापुढे गुडघे टेकून बाई वाटते. तसला खल मागवता आला असता. मी सासूबाईंचा काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा बाहेर काढला. वर्षानुवर्षं मिरची वाटून त्याची मधली जागा गुळगुळीत झाली होती, कडा खरबरीत राहिल्या होत्या. मऊ आणि खरखरीत असे दोन्ही पोत एकाच दगडावर. डिचोलीच्या कुंभारांकडची तांबड्या मातीची एक मडकी घरात होती, तीही घेतली. मेक्सिकोत पुएब्लाची चकचकीत रंगवलेली तलावेरा भांडी प्रसिद्ध आहेत, पण मला चकाकी नको होती. मिरचीची चकाकी उठून दिसायला तिच्याशेजारी उजेड पिऊन टाकणारी वस्तू लागते, आणि न रंगवलेली माती ते काम चोख करते.

आमचं घर कौलारू आहे. सोप्यावर एक काचेचं कौल आहे, त्यातून वरून एकच उजेड येतो. शहरातला चित्रकार त्यासाठी दिवा लावतो. पण या उजेडाचा तुकडा जमिनीवरून सरकत राहतो, आणि पावसाळ्यात ढग आला की नाहीसाच होतो. म्हणून मी सावल्या आधी कोळशाने बांधून घेतल्या आणि एकदा ठरवलेली सावली नंतर बदलली नाही. बाहेरचा उजेड काहीही करो, चित्रात सकाळचे दहा वाजले की ते कायमचे. भाद्रपदातला कागद दमट होतो, कोळसा त्यावर पसरतो, फिक्सेटिव्ह मारलं तरी लवकर वाळत नाही. पुस्तकं कोरड्या देशांत लिहिलेली असल्याने त्यांत यावर उपाय नसतो. आमच्याकडे उपाय एकच, कागद रात्री चुलीच्या खोलीत ठेवायचा.

काय आधी काढायचं हे फळंच ठरवतात. कापलेली पपई आणि सीताफळ यांना वेळ नसतो, ती पहिल्या बैठकीतच संपवावी लागतात. त्यानंतर झेंडू, मग टोमॅटो, मग पेरू. मका पानांसकट असेल तर पान सुकून वळायला लागण्याआधी घ्यावा. भोपळा शेवटी. तो महिनोन्महिने थांबतो. सुकी मिरची, पाटा आणि मडकी यांना काळाची भीती नाही. मुलांना मी हे सांगते तेव्हा ती हसतात, पण परीक्षेच्या हॉलबाहेर स्थिरचित्र करणाऱ्याला हेच वेळापत्रक पाळावं लागतं.

मक्याच्या कणसात दाण्यांच्या ओळी नेहमी सम संख्येत असतात. हे वनस्पतिशास्त्र चित्रकाराच्या कामाचं आहे. सगळे दाणे काढायची गरज नसते, ओळींची वळणं बरोबर पडली की दाणे आपोआप बसतात, आणि उजेडाच्या कडेचे चारदोन दाणे नीट केले की पाहणाऱ्याचा डोळा बाकीचे भरून घेतो. सुकी मिरची मात्र अशी फसवता येत नाही. तिच्या सालीला घड्या पडतात आणि प्रत्येक घडीवर चकाकीची एक तीक्ष्ण रेघ असते. ती रेघ पांढऱ्या रंगाने वरून ओढली की मिरची प्लास्टिकची दिसते. कागद कोरा सोडून ती राखावी लागते. सावलीत काळा घातला की लाल मरतो. मी गडद किरमिजी आणि अगदी थोडा हिरवा वापरते. देठाचा फिका पिवळा हा त्या सगळ्या लालीत एकच थंड ठिपका, तो सांभाळला तर मिरची जिवंत राहते. हरमलची मिरची रंगाला भडक. ती कागदावर उतरवताना खडूच्या डब्यातला सगळ्यात तांबडा खडूही कमी पडला. शेवटी शेजारच्या भोपळ्याचा नारिंगी उतरवला, तेव्हा ती चढली.

चित्र अर्ध्यावर असताना चतुर्थी आली. सोपा रिकामा करावा लागला, कारण तिथेच गणपती बसतो. माझी मांडणी उचलून माजघरात गेली आणि तिच्या जागी, वर, माटोळी बांधायला सुरुवात झाली.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाच्या पेंडी, सुपारीचे घड, तवशी, चिबूड, दोडकी, निरफणस, तोरिंजन आणि रानातली कितीतरी फळं, फुलं, वेल बांधतात. कांगल्याचे पिवळे घोस, कवंडळाची तांबडी फळं, घागऱ्यांच्या शेंगा. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा इथे चतुर्थीआधी माटोळीचा वेगळा बाजार भरतो. डोंगराकडचे लोक रानातून गोळा केलेला माल घेऊन त्यात बसतात. राज्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. लोक रानफळांतून देवदेवतांचे आकारही उभे करतात.

सासरे स्टुलावर उभे राहून बांधत होते आणि मी खालून वस्तू देत होते. ते एक फळ बांधायचे, मागे झुकून पाहायचे, मग दुसऱ्यासाठी हात पुढे करायचे. एकही फळ दुसऱ्याच्या आड जाऊ देत नव्हते. जड वस्तू चौकटीच्या मजबूत जागी आणि तोल साधून समोरासमोर. तांबड्याशेजारी तांबडं नाही. तळ नाही, टेबल नाही, पार्श्वभूमी नाही. बुस्तोसने फळं सुटीसुटी का मांडली असावीत, हे मला त्या स्टुलाशेजारी उभं राहून पटलं. देवापुढे सगळी फळं सारखी. कुणी मुख्य नाही, कुणी पूरक नाही.

माटोळीत कणसंही होती, पपई, सीताफळ, पेरूही होते. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यात खतखतें होतं, आणि त्यात कणगां, भोपळा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे होते. देवाच्या डोक्यावर आणि पानात मेक्सिको होतं. कुणालाही ते परकं वाटत नव्हतं.

विसर्जनानंतर मी चित्राचा वरचा अर्धा भाग पुसला आणि बदलला. मांडणीच्या वर एक आडवी काठी घेतली, तिला मिरच्यांची माळ, कणसांची जोडी आणि सीताफळ सुटंसुटं टांगलं. खाली मिल्पेची, म्हणजे आमच्या कुळागराची, गर्दी आणि वर माटोळीची मोकळी ओळ. झेंडू आधी मडकीत होता, तो काढून तळाशी विखुरला. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांसाठी वेदी मांडतात. तिथे झेंडूच्या पाकळ्या असतात, धूप असतो आणि गेलेल्या माणसाला आवडायचे ते पदार्थ असतात. युनेस्कोने या सणाची दखल २००८ साली घेतली. रंगवलेल्या कवट्यांची दुकानदारी याच सणातून बाहेर पडली आहे. मुळात तिथे कुणाची तरी आठवण काढून ताट वाढलेलं असतं. आमच्याकडे चतुर्थी सरली की पितरांचे म्हाळ येतात, त्या दिवशीही गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ आठवून केला जातो. म्हणून पाट्याशेजारी मी एक लहान पान वाढलेलं दाखवलं. कुणासाठी ते चित्रात सांगितलेलं नाही.

मालक चित्र पाहायला आला. बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “चित्र छान आहे टीचर, पण यात मेक्सिकन काय आहे? हे तर आमच्या आईचं स्वयंपाकघर.”

मी एकेक वस्तू दाखवत तिचं मूळ सांगत गेले. मिरची, मका, भोपळा, पपई, टोमॅटो, झेंडू. तो ऐकत होता. मग त्याने उलट प्रश्न केला, आणि तो चांगला होता. “आणि त्यांनी आमच्याकडून काय नेलं?” त्याचंही उत्तर आहे. अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. आशियाकडचा आंबा मेक्सिकोत रुजला, आणि तिथे आजही एका लोकप्रिय आंब्याला मनिलाचाच आंबा म्हणतात. चिंच तिथे गेली, ती आता त्यांच्या गोळ्यांत आणि सरबतात आहे. ज्या कलिंगडावर तामायो आणि फ्रिडाने जीव ओवाळला तेही मूळचं आफ्रिकेचं. त्यामुळे कुठलं फळ कुणाचं हे विचारायला हरकत नाही, पण उत्तर ऐकून घ्यायची तयारी हवी.

चित्र लागलं. त्याच्या सांगण्यावरून मी खाली वस्तूंची नावं लहान अक्षरांत लिहिली, मराठीत आणि कोंकणीत. येणारे पर्यटक टोपी शोधतात का हे मला माहीत नाही. सॉस मात्र त्या स्वयंपाकघरात अजूनही बाटलीतलाच येतो.

या कामाचा उपयोग मला शाळेत झाला. आमच्याकडे मुलं चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी करतात आणि स्थिरचित्रासाठी बहुतेक शाळांच्या कपाटात प्लास्टिकची फळं असतात. त्यांत सफरचंद असतं, द्राक्षांचा घड असतो, नासपती असते. सफरचंद आणि नासपती आमच्या तालुक्यात पिकत नाहीत. प्लास्टिकला वास नाही, डाग नाही, वजन नाही, आणि ते कधी कुजत नाही. त्यामुळे मुलाला घाई करावी लागत नाही आणि बारकाईने पाहावंही लागत नाही. मी आता मुलांना घरून एक वस्तू आणायला सांगते. कुणी हरमलची मिरची आणतो, कुणी आजीचा वरवंटा, कुणी कुळागरातला सुपारीचा घड. चित्र काढण्याआधी त्या वस्तूबद्दल दोन ओळी सांगायच्या, कुठून आली आणि घरात ती काय काम करते. माटोळीच्या दिवसांत मुलं अशी रानफळं आणतात की नाव मलाही त्यांच्या आजोबांना विचारावं लागतं.

ही रानफळं मिळण्याच्या जागा कमी होत आहेत. डिचोलीच्या कितीतरी टेकड्या खाणींनी पोखरल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि त्याच्या भोवतालची जमीन विकली जाते आहे. चित्र काढून झाड वाचत नाही हे मला कळतं. पण ज्या मुलाने कवंडळाचा रंग जुळवण्यात एक दुपार घालवली, त्याला तो वेल नसल्याचं लक्षात तरी येईल. ज्याने तो पाहिलाच नाही त्याच्या तेही लक्षात येणार नाही.

चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या वर्षी प्लास्टिकचं सफरचंद कपाटातच राहू द्या. आपल्या गावच्या आठवड्याच्या बाजारातून वस्तू आणा, त्यांचं मूळ मुलांना सांगा, मग ते मेक्सिकोचं असो की डिचोलीच्या डोंगराचं, आणि कुजायच्या आत त्या काढून घ्यायला लावा. खर्च शंभर रुपयांच्या आत होतो, आणि उरलेला भोपळा मधल्या सुट्टीतल्या भाजीला चालतो.